कठोर कड आणि मृदु कड

चित्र म्हटलें कीं सामान्य माणसाच्या मनांत पहिल्यानें रेघ येते. लहान मूल पाटीवर घर काढतें तें रेघेनें, शाळेंतला मुलगा चित्रकलेच्या तासाला घागर काढतो ती रेघेनें, आणि पुढें ‘एलिमेंटरी’ व ‘इंटरमिजिएट’ या सरकारी परीक्षांना तो बसतो तेव्हांही आधीं पेन्सिलीची रेघ ओढून मग तिच्या आंत रंग भरण्याचीच संवय त्याच्या हातास जडलेली असते. रंग रेघेबाहेर गेला कीं गुण गेले, ही धास्ती त्याच्या मनांत इतकी खोल बसते कीं पुढें तैलरंगांची पेटी हातांत आली तरी ती जात नाहीं. आणि तैलरंगांची खरी विद्या सुरू होते ती नेमकी या धास्तीच्या पलीकडे.

तैलचित्रांत वस्तुतः रेघ अशी नसतेच. असते ती कड. एका रंगाचा पट्टा जेथें संपतो आणि दुसऱ्याचा जेथें सुरू होतो ती जागा म्हणजे कड. ही कड कोठें सुरीच्या पात्यासारखी तीक्ष्ण असते, कोठें कापसाच्या पेळूसारखी मऊ होते, आणि कोठें तर अजिबात नाहींशी होऊन दोन वस्तू एकमेकींत मिसळून जातात. चित्रकार यांस कठोर कड, मृदु कड आणि हरवलेली कड असें म्हणतात. नांवें तीनच असलीं तरी त्यांच्या दरम्यान असंख्य पायऱ्या आहेत, आणि कोणत्या ठिकाणीं कोणती पायरी हें ठरवितां येण्यांत शिकणाऱ्याचीं पहिलीं चार-पांच वर्षें सहज जातात. रंग जुळविणें त्या मानानें सोपें.

समजा, डहाणूजवळच्या मसोलीचा एखादा तरुण विद्यार्थी मार्गशीर्षांतल्या एका सकाळीं वाडीच्या बांधाशीं ईझल मांडून बसला आहे. हा मुलूख पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा वेगळा जिल्हा झाला आणि डहाणू व तलासरी हे तालुके त्यांत गेले. विद्यार्थ्याच्या हाताशीं चिकूचें झाड आहे, त्यामागें ताडांची रांग, त्यापलीकडे कापणी झालेलीं भाताचीं खाचरें, आणि पूर्वेस दूरवर महालक्ष्मीच्या सुळक्यासह डोंगरांची ओळ. पश्चिमेस समुद्र जवळ असल्यामुळें हवा दमट, आणि थंडीच्या सकाळीं तिच्यांत धुक्याचा पातळसा पडदा. मुलगा मन लावून काम करतो. खोडाची कड तो नीट कोरतो, ताडाचें पान न् पान वेगळें करतो, आणि डोंगराची कडही त्याच निष्ठेनें आकाशावर कापून काढतो. रंग बरोबर आहेत, प्रमाणें बरोबर आहेत. तरी चार पावलें मागें जाऊन पाहिलें तर डोंगर, ताड आणि चिकू हे तिघेही एकाच कागदावर कातरून चिकटविल्यासारखे दिसतात. मधली हवा कोठें गेली, हें त्याला उमगत नाहीं. ती त्यानें स्वतःच कापून टाकलेली असते.

यांत विद्यार्थ्याचा आळस नसतो. उलट अति प्रामाणिकपणा असतो. डोंगर आणि आकाश या दोन वेगळ्या वस्तू आहेत हें त्याला ठाऊक आहे, म्हणून तो त्या वेगळ्या काढतो. पण चित्रकारानें काढावयाचें असतें तें दिसणारें, ठाऊक असलेलें नव्हे. आणि माणसाचा डोळा जसा आपल्याला वाटतो तसा सर्वत्र सारखा पाहत नाहीं. हात पुढें लांब करून अंगठा उभा धरला असतां अंगठ्याच्या नखानें जेवढी जागा झांकली जाते, साधारण तेवढीच जागा, म्हणजे सुमारें २ अंश, डोळा एका क्षणीं पूर्ण स्पष्ट पाहूं शकतो. बाकीचें सारें धूसर असतें. परंतु डोळा सतत हालत असल्यामुळें, जेथें जेथें पाहावें तेथें तेथें स्पष्ट दिसतें, आणि म्हणून सगळेंच एकाच वेळीं स्पष्ट दिसत असल्याचा भ्रम होतो. नवशिका चित्रकार डोंगराकडे पाहून डोंगर काढतो, ताडाकडे पाहून ताड काढतो, आणि अशा वीस स्वतंत्र नजरा एका कॅनव्हासवर डकवितो. अनुभवी चित्रकार एकाच ठिकाणीं नजर ठेवून बाकीचें कडेकडेनें पाहतो. चित्रशाळांतून “डोळे अर्धे मिटून पाहा” असें जें वारंवार सांगतात, त्याचें कारण हेंच. पापण्या मिटत आल्या कीं बारकावे गळून जातात, फिकट छटा फिकटांत मिळतात, गडद गडदांत मिळतात, आणि ज्या कडा तरीही शिल्लक राहतात त्याच खऱ्या कठोर कडा.

कडा मृदु होण्याचीं कारणें निसर्गांत निरनिराळीं आहेत, आणि तीं ओळखल्याशिवाय नुसता कुंचला फिरवून काम भागत नाहीं. वस्तु गोल असली तर तिची बाजू हळुहळू वळून दृष्टीआड जाते, म्हणून कड मऊ; पाटासारखी कोनदार असली तर पृष्ठभाग एकदम मोडतो, म्हणून कड कठीण. केस, लोकर, गवत यांना एक अशी सीमाच नसते. चाक फिरत असेल, लाट फुटत असेल, तर गतीमुळें कड पुसते. दूरच्या वस्तूची कड हवेंतील बाष्प व धूळ पुसून टाकतें. डहाणूच्या औष्णिक विद्युत्केंद्राचें उंच धुराडें या दृष्टीनें मोठें शिकविणारें आहे. धुक्याच्या सकाळीं तें दुरून पाहावें. सरळ, रेखीव, माणसाच्या हातानें बांधलेली ही वस्तु. पण तिचीही कड आकाशांत अशी विरघळते कीं शाळेंतली पट्टी घेऊन ती काढणाऱ्यास हंसूं यावें.

सर्वांत मौजेची गोष्ट सावलीची. सावली म्हणजे काळा डाग आणि तिची कड म्हणजे वस्तूच्या कडेची नक्कल, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु सूर्य हा बिंदु नसून बिंब आहे. आकाशांत तें सुमारें अर्ध्या अंशाचें दिसतें. त्यामुळें सावलीच्या कडेशीं अशी एक पट्टी तयार होते कीं जेथून सूर्याचा कांहीं भाग दिसतो आणि कांहीं झांकला जातो. या अर्धछायेच्या पट्टीची रुंदी सावली पाडणारी वस्तु जितकी दूर तितकी वाढते : १ मीटर अंतराला साधारण ९ मिलिमीटर, १० मीटरला ९ सेंटिमीटरच्या आसपास. आतां चिकूच्या झाडाखालीं उभें राहावें. अगदीं खालच्या फांदीचीं पानें जमिनीपासून हातभर वर असतात, त्यांच्या सावलीची कड जवळजवळ तीक्ष्ण पडते. शेंड्याकडचें पान ४ सेंटिमीटर रुंद धरलें, तर चार-साडेचार मीटरांहून अधिक उंचीवरून त्याची गडद छाया जमिनीपर्यंत पोंचतच नाहीं; पोंचतो तो केवळ एक करडा डाग. आणि पानांच्या दाटींतून जे उन्हाचे कवडसे पडतात, ते भोंकें वांकडीतिकडीं असूनही गोल किंवा लंबगोल कां पडतात? कारण प्रत्येक कवडसा ही सूर्यबिंबाचीच प्रतिमा असते. कवडशांची कड म्हणूनच नेहमीं मऊ. ज्या चित्रकाराला हें ठाऊक नाहीं तो झाडाखालीं पांढऱ्या रंगाचे तुकडे फेंकतो आणि सावली ऐवजीं फुटलेल्या बशा पडल्याचा भास निर्माण करतो.

तांब्याच्या पायथ्याशींही हाच नियम चालतो. तांब्या जेथें जमिनीला टेंकला आहे तेथें त्याची सावली सर्वांत गडद व तिची कड सर्वांत कठीण, आणि जसजशी ती दूर पसरत जाईल तसतशी फिकी व मऊ. हा एवढा एक फरक साधला तर वस्तु बैठकीवर बसते. न साधला तर ती अधांतरीं तरंगते.

अभ्यासाला कोणती वस्तु घ्यावी? पाश्चात्य पुस्तकें सफरचंद सांगतात. डहाणूच्या विद्यार्थ्यानें चिकू घ्यावा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तें त्याच्या गोडीबद्दल. चित्रकाराला तो उपयोगी पडतो त्याच्या सालीबद्दल. ही साल खरखरीत, कोंडा लावल्यासारखी असते, त्यामुळें तिच्यावर पडलेला उजेड पसरतो आणि उजेडाच्या ठिपक्याला कोठेंच कड सांपडत नाहीं. त्याच्याशेजारीं घांसलेला पितळी तांब्या ठेवावा. त्याच्यावरचा चकाकणारा ठिपका अगदीं तीक्ष्ण, टांचणीनें टोंचल्यासारखा. दोन्ही वस्तूंचा आकार गोलच, दोन्हींवर उजेड एकाच खिडकीचा. पण एकाची कड मऊ, दुसऱ्याची कठीण, आणि केवळ तेवढ्यावरून एक फळ आहे व एक धातु आहे हें पाहणाऱ्यास कळतें. पेटींत तीन रंग पुरेत : पिवळी माती, बर्न्ट अंबर आणि पांढरा. रंग अधिक झाले कीं विद्यार्थ्याचें लक्ष कडेवरून उडतें.

तैलरंग या कामास इतके सोईचे कां, याचें उत्तर त्यांच्या तेलांत आहे. हे रंग बहुधा जवसाच्या तेलांत खललेले असतात, आणि जवसाचें तेल पाण्यासारखें उडून वाळत नाहीं. तें हवेंतील प्राणवायु शोषून घेत हळुहळू घट्ट होतें. अंबर एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो. टायटॅनियमचा पांढरा त्याहून बराच रेंगाळतो, आणि पावसाळी दमट हवेंत तर सर्वच काम लांबतें. भिंतीवरच्या चुन्यांत वा जलरंगांत चित्रकाराला घाई असते. तैलरंगांत सकाळीं दिलेली कड संध्याकाळीं मऊ करतां येते. ही मुभा फार मोठी, आणि तिचाच दुरुपयोगही फार होतो.

कृति अशी. दोन रंग शेजारीं शेजारीं, एकमेकांस टेंकतील पण मिसळणार नाहींत असे लावावे. मग एक कोरडा, स्वच्छ, चपटा कुंचला घेऊन त्या दोहोंच्या सीमेवरून अगदीं हलक्या हातानें, जवळजवळ पिसासारखा, एकदां फिरवावा. लगेच तो जुन्या धोतराच्या फडक्याला पुसावा. पुसल्यावांचून दुसरा हात मारूं नये. नाहींतर उजेडाचा रंग सावलींत आणि सावलीचा उजेडांत जाऊन दोन्ही मळतात. कडेच्या आडवा कुंचला ओढला तर रंग एकमेकांत शिरतात, कडेच्या दिशेनेंच ओढला तर सीमा न मोडतां किंचित् सैल होते; दोन्ही हात शिकावे. डुकराच्या राठ केसांच्या कुंचल्यानें कड मऊ पण जिवंत राहते, मऊ केसांच्या कुंचल्यानें ती फार गुळगुळीत होण्याचा संभव असतो. आणखी एक उपाय असा आहे कीं ज्यांत घासाघीस मुळींच नाहीं : दोन रंगांच्या मध्यें त्यांच्या दरम्यानची तिसरी छटा पॅलेटवर जुळवून ती मधोमध मांडावयाची. दुरून पाहतां कड मऊ दिसते आणि रंग मात्र ताजे राहतात. जुन्या जाणत्यांचा ओढा याच उपायाकडे असतो, आणि तो योग्यच आहे.

विद्यार्थ्याला हें मऊ करणें एकदां जमलें कीं दुसरें संकट उभें राहतें. तो सगळेंच मऊ करूं लागतो. चिकू मऊ, तांब्या मऊ, पाट मऊ, जणूं कांहीं साऱ्या खोलींत वाफ भरली आहे. लोक अशा चित्राला कौतुकानें “फारच नाजुक” म्हणतात, आणि विद्यार्थी तेथेंच थांबतो. नाजुकपणाचा हा मोह कठोर कडेच्या धास्तीपेक्षांही वाईट, कारण धास्ती लवकर बोचूं लागते, मोह बोचत नाहीं. मृदु कडेला अर्थ येतो तो कठोर कडेच्या शेजारानें. एका चित्रांत सर्वांत कठीण कड एकच असावी, फार तर दोन, आणि ती पाहणाऱ्याची नजर जेथें न्यावयाची तेथें असावी. काम संपल्यावर विद्यार्थ्यानें स्वतःला विचारावें कीं या चित्रांतली सर्वांत कठोर कड कोणती. बोट ठेवतां आलें नाहीं तर चित्र संपलेलें नाहीं.

कडेचा हा विचार युरोपांतही एकाएकीं सुचला नाहीं. पंधराव्या शतकांतल्या पुष्कळ चित्रांत प्रत्येक वस्तूची कड सारखीच रेखीव आहे. लिओनार्दो द विंची यानें ती धुरासारखी विरविण्याची रीत पूर्णत्वास नेली. मोनालिसाच्या ओंठांच्या व डोळ्यांच्या कोपऱ्यांत कड नेमकी कोठें संपते हें सांगतां येत नाहीं, आणि तिचें हंसणें क्षणांत आहे, क्षणांत नाहीं असें वाटतें तें बरेंचसें त्यामुळेंच. पुढें रेम्ब्रांट व व्हेलास्केझ यांनीं अंधारांतली कड सर्वस्वी सोडून देण्याचें धाडस केलें. आपल्याकडेही गोलाईचा विचार नव्हता असें नाहीं. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रविषयक भागांत छायाप्रकाशाच्या वर्तनेचे तीन प्रकार सांगितले आहेत, पत्रज, ऐरिक आणि बिंदुज. आणि आचार्य रेषेची वाखाणणी करतात, तर चतुर रसिक वर्तनेची, असाही अभिप्राय तेथें आहे. पण त्या वर्तनेंतही रेषा सुटत नाहीं. अजिंठ्याच्या भिंतींवर शरीरें गोल दिसतात, तरी त्यांना वेढणारी रेषा शाबूत आहे.

तैलरंग महाराष्ट्रांत रुजले ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या द्वारें. ही शाळा १८५७ सालीं निघाली. गंमत अशी कीं याच शाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ ते १८८५ या काळांत विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. म्हणजे एकीकडे विलायती तैलरंगांतली मृदु कड आणि दुसरीकडे अजिंठ्याची रेषा, अशा दोन शिकवणी एकाच छपराखालीं होत्या. सामान्य घरांत मात्र तैलचित्रांची ओळख झाली ती राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून. त्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. अनेक दगडांवरून एकावर एक रंग छापतांना मूळ तैलचित्रांतलें कडांचें मार्दव पुष्कळ वेळां हरवलें, आणि देवघरांतल्या लक्ष्मी-सरस्वती रेखीव होऊन बसल्या. आपल्या कित्येक पिढ्यांची चित्रांची आवड या छापांवर पोसली गेली आहे, हें चित्रकारांच्या तक्रारी ऐकतांना विसरतां कामा नये.

गोव्यांत जन्मलेले आंतोनियो शाव्हियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांचीं व्यक्तिचित्रें पाहिलीं म्हणजे हरवलेली कड काय करूं शकते हें समजतें. चेहऱ्याची उजेडांतली बाजू स्पष्ट, सावलींतला गाल मागच्या अंधाराशीं एकजीव. आणि तरीही गाल तेथें आहे याविषयीं पाहणाऱ्यास शंका येत नाहीं, कारण न काढलेली कड त्याचें मन स्वतः काढतें. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांची म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतली दिवा घेतलेली तरुणी पुष्कळांनीं छापील रूपांत पाहिली असेल. तें चित्र तैलरंगांत नसून जलरंगांत आहे, तरी येथें सांगण्याजोगें. ज्योतीच्या आड धरलेल्या हातांच्या बोटांतून उजेड पाझरतो, आणि तिच्या मागची सावली व वस्त्राच्या घड्या ज्या मऊपणानें अंधारांत जातात तो मऊपणा, लवकर वाळणाऱ्या जलरंगांत साधणें म्हणजे कसरत होय.

मसोलीच्या परिसराचा विचार करतांना एक प्रश्न टाळतां येत नाहीं. डहाणू आणि तलासरी हा वारली चित्रांचा मुलूख. गेरूनें सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि कुंचला म्हणून टोंक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नाच्या वेळीं सवाशिणी भिंतीवर चौक काढीत, त्यांत पालघट देवी असे. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांच्या येण्याजाण्यानें ही कला बाहेरच्या जगास कळली. आणि गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) हे बायकांची म्हणून चालत आलेली ही कला रोजच्या साधनेनें वाढवूं लागले. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. या चित्रांत सावली नाहीं, धुकें नाहीं, मृदु कडही नाहीं. दोन त्रिकोण टोंकाला टोंक लावून जोडले कीं माणूस उभा राहतो.

अशा घरांत वाढलेल्या मुलानें किंवा मुलीनें तैलरंगांतली मृदु कड शिकावी काय? एक पक्ष म्हणतो, शिकूं नये, त्यांची मूळ कला बिघडेल. दुसरा पक्ष म्हणतो, शिकलेंच पाहिजे, कारण तें त्रिकोणांचें काम बाळबोध, खरी चित्रकला हीच. दोन्ही पक्षांचा सूर वरून बोलण्याचा आहे, आणि दोघांनींही भिंतीकडे नीट पाहिलेलें नाहीं. गेरूची मातकट भिंत ओल शोषून घेते, पिठाचा रंग लावतां क्षणीं वाळूं लागतो आणि काडीच्या टोंकावर थेंबभरच मावतो. या साहित्यानें दोन छटा एकमेकांत विरविणें शक्यच नाहीं. तेथें कठोर कड ही उणीव नसून साहित्याचा धर्म आहे. शिवाय ती यंत्रासारखी कठोर नसते. काडीचे तंतू फांकल्यामुळें ती किंचित् थरथरते, आणि त्या थरथरीवरूनच हातानें काढलेलें चित्र व कापडावर छापलेली त्याची नक्कल यांतला फरक ओळखूं येतो. मशे यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत तर बारीक रेघांची इतकी दाटी आहे कीं दुरून ती पांढऱ्या धुक्यासारखी भासते. मऊपणा त्यांनाही हवा होता. तो त्यांनीं रंग विरवून नव्हे, रेघा दाट-विरळ करून मिळविला. विष्णुधर्मोत्तरांतली बिंदुज वर्तना तरी याहून फारशी वेगळी कोठें आहे? तेव्हां मसोलीच्या मुलीनें तैलरंग जरूर शिकावे, आणि भिंतीवर चौक काढावयाची वेळ आली कीं कोरडा कुंचला घरीं ठेवावा. दोन भाषा येणारा माणूस एकींत बोलतांना दुसरीचे प्रत्यय लावीत नाहीं.

शहरांतल्या घरांशीं हा विषय येऊन भिडतो तो निराळ्याच वाटेनें. वडील वारले, त्यांचा एक जुना फोटो आहे, त्यावरून तैलचित्र करून हवें, असें म्हणून लोक चित्रकाराकडे जातात. चित्र तयार होतें. चित्रकारानें उजेडांतला डोळा, चष्म्याची काच आणि कपाळ स्पष्ट केलेलें असतें. पलीकडचा कान व खांदा सावलींत सोडलेला असतो. घरचीं माणसें जमतात आणि कोणी म्हणतें, “कान पुसट झाला आहे, तेवढा नीट करून द्या.” चित्रकारापुढें खरी अडचण येथें उभी राहते. कान कोरून दिला तर गिऱ्हाईक संतुष्ट होतें, पण त्या कानाबरोबर चेहरा मागच्या भिंतीला जाऊन चिकटतो. सोडला तर पैसे अडतात. घरच्यांना दोष देणेंही कठीण आहे. जो माणूस पुन्हां दिसावयाचा नाहीं, त्याचा कानसुद्धां कमी दिसूं नये असें त्यांना वाटतें, आणि स्मृतीची ही हांव समजण्यासारखी आहे. तरी पण आपल्याला माणूस आठवतो तो कसा? डोळे आठवतात, हंसतांना पडणारी एखादी सुरकुती आठवते. कानाची पाळी कशी होती हें पुष्कळांना आपल्या सख्ख्या भावाविषयींही सांगतां येणार नाहीं. अशा वेळीं चित्र दोन हातांवरून न पाहतां खोलीच्या दुसऱ्या टोंकाहून पाहावें, आणि तेंही आठ दिवस घरांत टांगून ठेवल्यावर. मग कान हवा वाटला तर खुशाल मागावा.

हल्लींच्या मोबाईल फोनांत मागची बाजू धूसर करून देणारी सोय असते, आणि मृदु कड ती हीच असें पुष्कळांना वाटतें. तें खरें नव्हे. फोन माणूस एकीकडे व मागचें दृश्य दुसरीकडे करतो आणि मागचें सगळें धूसर करतो; त्या दोहोंमधली सीमा मात्र तशीच कापल्यासारखी राहते, आणि विस्कटलेल्या केसांपाशीं तर यंत्राची हटकून फसगत होते. चित्रकार जेथें मऊ करतो ती जागा नेमकी ही सीमा आहे.

मूळ चित्रें पाहण्याची ज्यांना इच्छा असेल त्यांनीं सातारा जिल्ह्यांतल्या औंधास जावें. बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं तेथें श्रीभवानी वस्तुसंग्रहालय उभें केलें, आणि रविवर्म्यासह अनेक चित्रकारांचीं मूळ तैलचित्रें तेथें आहेत. आधीं दहा पावलांवरून पाहावें आणि सर्वांत तीक्ष्ण कड कोठें दिसते तें मनांत धरावें. मग जवळ जावें. दुरून तीक्ष्ण दिसलेली कड जवळून पाहतां बहुधा कुंचल्याचा एकच ठाम हात निघते, आणि दुरून मऊ दिसलेल्या जागीं तीन-चार वेगवेगळ्या छटा एकमेकींशेजारीं उघड मांडलेल्या आढळतात. चित्रावर काच असली तर एका बाजूस सरकून पाहावें, म्हणजे खिडकीचें प्रतिबिंब मध्यें येत नाहीं.